लागतो पटकन, सुटत नाही: केसाएवढ्या स्विचचं दुखणं

आमच्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर होती आणि तिचा स्टार्टर एका गंजक्या पत्र्याच्या पेटीत. लाइट रात्रीची असायची म्हणून अण्णा रात्री दीड-दोनला बॅटरी घेऊन जायचे. एकदा ऊस भिजवून झाला, लाल बटण दाबलं, तर मोटर बंदच होईना, हे दाबतायत दाबतायत आणि ती आपली चालूच. शेवटी मेन पाडली. सकाळी पेटी उघडली तर आतले पॉइंट एकमेकांना चिकटून बसलेले, काळेठिक्कर. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर घालून खट्कन सुटे केले, एकावर टेंगूळ आलं होतं आणि समोरच्यावर बरोब्बर तेवढाच खड्डा, ते पॉलिश पेपरनी घासून सारखं केलं, फुंकर मारली, आणि त्याच पॉइंटांवर पुढचे दोन सीझन निघाले.

आता हाच पॉइंट केसाच्या जाडीएवढ्या जागेत आहे असं समजा, त्यावर झाकण कायमचं सील केलंय, आणि त्याने शंभर कोटी वेळा लागायचं आणि सुटायचं आहे. पॉलिश पेपर घालणार कुठनं?

असे स्विच खरंच असतात, त्यांना मेम्स स्विच म्हणतात. मेम्स म्हणजे सिलिकॉन चिप बनवायच्या पद्धतीने बनवलेली हलणारी बारीक यंत्रं. तुमच्या फोनमध्ये मेम्स आत्ताही आहे, फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ती अॅक्सेलरोमीटरमुळे, आणि बहुतेक फोनांतला माइकसुद्धा मेम्सच असतो. हे पार्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात कारण त्यांच्यातले भाग नुसते हलतात, एकमेकांना टेकत नाहीत. स्विचला तो पर्यायच नाही, टेकणं हेच त्याचं काम, आणि सगळी भानगड तिथनंच सुरू होते.

आधी तो दिसतो कसा ते सांगतो. स्विमिंग टँकवर उडी मारायची फळी असते ना, एका बाजूला पक्की आणि दुसरं टोक मोकळं, तशी धातूची फळी. लांबी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, जाडी काही मायक्रॉन, आणि खाली मोकळी जागा एक-दोन मायक्रॉनची. फळीच्या टोकाखाली कॉन्टॅक्ट, म्हणजे अण्णांच्या भाषेत पॉइंट, आणि मधल्या भागाखाली एक वेगळी धातूची पट्टी. त्या पट्टीला व्होल्टेज दिलं की ती फळीला खाली ओढते, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तोच प्रकार. ओढायला करंट जवळजवळ लागतच नाही, पण व्होल्टेज लागतं, बऱ्याच डिझाइनमध्ये २० ते ८० व्होल्ट. व्होल्टेज काढलं की फळी स्वतःच्या ताठपणाने वर जाते. वर न्यायला दुसरं कोणीही नाही हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येणार आहे.

मग ट्रान्झिस्टर असताना हा उपद्व्याप कशाला? ट्रान्झिस्टर बंद असला तरी थोडी गळती असते आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसा सिग्नल बंद दारातूनही झिरपतो, आणि चालू असताना तो सिग्नलला थोडा वाकवतो. मेम्स स्विच बंद म्हणजे मध्ये खरीखुरी हवेची फट, आणि चालू म्हणजे धातूला धातू. जुना रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढून लागणारा स्विच, हेच करतो, पण तो त्या मानाने अवाढव्य, मिलिसेकंद घेतो, आणि कॉइलला करंट खातो. मेम्स स्विच मायक्रोसेकंदांत लागतो. रडार, मोबाइल टॉवर, सॅटेलाइट, चिप टेस्ट करायची मशिनं (एकेका मशिनीत रिलेंची फौज असते), या सगळ्यांना हा हवाच होता.

हवा होता आणि माहीतही होता. आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉनवरच्या अशा सूक्ष्म स्विचवरचा पेपर १९७९ मध्ये छापलाय. नव्वदच्या दशकात बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत आणि अमेरिकन लष्कराच्या पैशावर ठिकठिकाणी यावर काम झालं, आपल्याकडे पिलानीच्या सीरी संस्थेतही बरीच वर्षं झालं. आणि अॅनालॉग डिव्हायसेससारख्या मोठ्या कंपनीने कॅटलॉगमधून स्विच विकायला काढला तो २०१६ मध्ये. म्हणजे मधे ३७ वर्षं गेली. ट्रान्झिस्टरच्या जगात एवढ्या काळात साम्राज्यं येऊन गेली. इथे वेळ कशात गेला, तर तो स्विच लावण्यात नाही, सोडवण्यात गेला.

भिंतीवरची पाल बघा. ती चिकटते ते डिंकाने नाही, पायाखालच्या लाखो बारीक केसांचं भिंतीशी जे अगदी जवळून आकर्षण असतं त्याने. हे आकर्षण सगळ्याच वस्तूंमध्ये असतं, पण आपल्या आकाराला ते जाणवत नाही कारण आपलं वजन त्याच्यापुढे प्रचंड आहे. वस्तू हजारपट लहान केली की वजन शंभर कोटी पटीने घटतं आणि पृष्ठभाग फक्त दहा लाख पटीने. म्हणजे लहान होत जाल तसं वजन, जोर, झटका हे सगळं किरकोळ होत जातं आणि चिकटणं मोठं होत जातं. मेम्स स्विचमध्ये कॉन्टॅक्टवर जो दाब असतो तो १०० मायक्रोन्यूटनच्या आसपास धरा, म्हणजे तीन-चार मोहरीच्या दाण्यांचं वजन. आणि फळी सोडवायला लागणारा जोरही त्याच हिशोबातला! अण्णांच्या स्टार्टरची स्प्रिंग बोटाने दाबायलाही जोर लागायचा, तरी पॉइंट चिकटले. इथे मोहरीच्या जोरावर सोडवायचंय.

बरं, टेकतात म्हणजे नक्की किती टेकतात? धातू कितीही गुळगुळीत केला तरी त्या पातळीवर तो डोंगराळच. सह्याद्री उचलून उलटा केला आणि सातपुड्यावर ठेवला तर काय होईल, चार-दोन शिखरं शिखरांना टेकतील, बाकी सगळी पोकळी. कॉन्टॅक्ट हा असाच असतो, आणि सगळा करंट त्या चार-दोन शिखरांतून जातो. शिखरं तापतात. किती तापतात याचा हिशोब राग्नार होल्म या स्वीडिश माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडून ठेवलाय आणि तो अजून वापरतात: टेकलेल्या जागेवर किती व्होल्ट पडतायत ते सांगा, ती जागा किती तापली ते सांगतो. सोन्याच्या बाबतीत ०.०८ व्होल्टच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि ०.४३ व्होल्टला वितळतं. कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स एक ओहम धरला तर ८० मिलिअँपला सोनं मऊ, ४३० मिलिअँपला पाणी. फोनचा चार्जर याच्या कितीतरी पट करंट देतो. म्हणून "आमचा स्विच इतका करंट घेतो" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न रेझिस्टन्स किती हा विचारायचा, आणि रेझिस्टन्स कमी करायचा तर दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढवला की शिखरं चेपून जास्त जागा टेकते, मग चिकटतंही जास्त. इकडे ओढलं की तिकडे फाटतं. या विषयात प्रत्येक गोष्ट अशीच आहे.

फळी जाड करा, ताठ करा, म्हणजे सुटायला जोर मिळेल? मिळतो ना. पण मग खाली ओढायला जास्त व्होल्टेज. सुरुवातीच्या काळात लोकांना फोनच्या बॅटरीवर चालणारा कमी व्होल्टेजचा स्विच करायची भारी हौस होती, म्हणून लुसलुशीत फळ्या बनवल्या, आणि त्या चिकटून बसल्या. माझ्या मते या क्षेत्राची सगळ्यात महागडी चूक ही. शेवटी जे टिकले ते स्विच बऱ्यापैकी ताठ आणि बऱ्यापैकी जास्त व्होल्टेजचे निघाले. अॅनालॉग डिव्हायसेसने सरळ सांगितलं की ८० व्होल्टच्या घरातलं व्होल्टेज लागतं ना, लागू दे, त्याच पॅकेजमध्ये बाजूला एक छोटी चिप बसवली जी ३.३ व्होल्टवरून ते तयार करते, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग धातू बदलायचा. सोनं का आवडतं तर ते गंजत नाही, ऑक्साइड धरत नाही, थोड्या दाबातही छान लागतं. पण सोनं मऊ, आणि स्वच्छ सोन्याला स्वच्छ सोनं टेकवलं की ते गरम न करताही एक व्हायला बघतं. म्हणून लोक सोन्यात दुसरं काही मिसळून ते कडक करतात, किंवा एका बाजूला सोनं आणि समोर दुसरा धातू ठेवतात, किंवा सरळ रुथेनियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम अशा कडक धातूंवर जातात. हे चिकटत नाहीत फारसे. चला, सुटलो!

नाही सुटलो. १९५८ मध्ये बेल लॅब्जच्या हर्मन्स आणि इगन यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेंमध्ये एक विचित्र प्रकार लिहून ठेवला होता. पॅलेडियमच्या कॉन्टॅक्टवर तपकिरी भुकटी जमायची. बाहेरची धूळ नव्हती ती. आसपासच्या प्लास्टिक-वार्निशमधून जी वाफ निघते ती कॉन्टॅक्टवर बसायची आणि घासून घासून तिचं तिथेच पॉलिमर व्हायचं, म्हणजे रिले स्वतःच स्वतःचा कचरा तयार करत होता. ज्या धातूंना रसायनशाळेत कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया पटकन घडवून आणणारा पदार्थ) म्हणून भाव असतो, प्लॅटिनम, पॅलेडियम, रुथेनियम वगैरे, तेच या कामात पुढे. मोठ्या रिलेत दाब भरपूर असतो, तो थर फुटून जातो. मेम्समध्ये मोहरीच्या वजनाला तो फुटत नाही, आणि रेझिस्टन्स चढत चढत जातो, एक ओहम, दहा ओहम, हजार, मग लागतच नाही. म्हणजे सोनं घ्याल तर सुटत नाही आणि रुथेनियम घ्याल तर काही दिवसांनी लागत नाही.

कचऱ्यावरून आठवलं, हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत ९ सप्टेंबर १९४७ ला एक पतंग सापडला होता आणि तो लॉगबुकात चिकटपट्टीने लावून ठेवला होता. त्या लोकांना निदान चिमट्याने काढता आला. इथे डोळ्याला न दिसणारा थरही पुरतो.

त्यामुळे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं निम्मं शहाणपण हे स्वच्छतेचं आहे. स्विच बनवताना फळीच्या खाली आधी एक तात्पुरता थर घालतात, स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंग लावतात तसा आधार म्हणा, आणि शेवटी तो विरघळवून काढतात म्हणजे फळी अधांतरी राहते. हा थर नीट निघाला नाही तर त्याचे उरलेसुरले कण आतच राहतात आणि वाफा सोडत बसतात. म्हणून ऑक्सिजनच्या प्लाझ्माने, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूने, आतून जाळून साफ करतात. मग नायट्रोजनसारखा कोरडा वायू भरून धातूला धातू किंवा काचेला काच जोडून सील करतात, आत गोंद-एपॉक्सी असलं काही नको. काही संशोधक रुथेनियमचा ऑक्साइड मुद्दाम वरच्या थरात वापरतात, कारण तो ऑक्साइड असूनही वीज वाहून नेतो आणि त्यावर तपकिरी भुकटी कमी जमते.

बनवताना चिकटायची आणखी एक जागा आहे. तो तात्पुरता थर द्रावणाने विरघळवला की चिप वाळवावी लागते, आणि वाळताना फळीखाली पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सोडवून बघा, तसं. फळी जन्मायच्या आधीच चिकटते. यावर उपाय मला फार आवडतो: पाण्याच्या जागी शेवटी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात आणि तो ३१ अंश सेल्सियस आणि साधारण ७३ वातावरण दाब यांच्या वर नेतात. त्या पलीकडे द्रव आणि वायू असा फरकच राहत नाही, त्यामुळे पृष्ठभागाचा ताण शून्य. मग हळूच दाब सोडतात, पाणी गेलं आणि फळीला कळलंही नाही.

आता आपटणं. फळी खाली येते ती सावकाश येत नाही. अंतर कमी होईल तसं विजेचं ओढणं झपाट्याने वाढतं, फळीचा परत वर जायचा जोर मात्र सरळ हिशोबात वाढतो, आणि अंतराचा एक तृतीयांश भाग खाली आली की ओढणं जिंकतं आणि फळी धाडकन आपटते. आपटून उसळते, परत आपटते, असं काही वेळा होऊन मग बसते. दर वेळी शिखरं ठेचली जातात. डोक्यावरचा भरलेला हंडा खाली ठेवताना आपण शेवटच्या वितीला हात आवळतो ना, तसं व्होल्टेजचं करतात: आधी जोरात ओढायचं, मधेच सोडायचं, फळी आपल्या वेगाने खाली येते, आणि टेकायच्या वेळी परत धरायचं. पेपरांमध्ये याचे ग्राफ सुंदर दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक फळीची जाडी थोडी वेगळी, गरमीत वेगळी, त्यामुळे एकीला बेतलेलं टायमिंग दुसरीला बसत नाही. सोपा उपाय जास्त चालतो, व्होल्टेज एकदम न देता थोडं चढवत द्यायचं, आणि आत थोडा वायू ठेवायचा, तो फळीखाली दबून उशीसारखं काम करतो.

आणखी एक प्रकारचा स्विच असतो ज्यात धातूला धातू टेकतच नाही, मध्ये सिलिकॉन नायट्राइडसारखा पातळ थर असतो. डीसी करंट जात नाही पण रेडिओ सिग्नल जातो. कॉन्टॅक्ट जळायचा प्रश्नच नाही, वा! पण हिशोब करा: ३० व्होल्ट आणि थर ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरमागे दीड लाख व्होल्ट. एवढ्या ताणात चार्ज त्या थरात घुसून अडकतो, हिवाळ्यात स्वेटर काढताना केस उभे राहतात तो चार्ज, फक्त इथे तो जायचं नाव घेत नाही. व्होल्टेज काढलं तरी अडकलेला चार्ज फळीला धरून ठेवतो. चक गोल्डस्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोजून दाखवलं की व्होल्टेज दर ५ ते ७ व्होल्टने खाली आणलं की आयुष्य दहापट होतं. म्हणजे १५ व्होल्ट कमी करता आले तर शंभरपटीहून जास्त! पण कमी व्होल्टेज म्हणजे लुसलुशीत फळी, आणि लुसलुशीत फळी म्हणजे... बरोबर. मग लोकांनी प्लस-मायनस आलटून पालटून द्यायला सुरुवात केली, थराला खाचा करून टेकणारी जागा कमी केली, आणि अमेरिकेच्या आरगॉन लॅबमधल्या नॅनोक्रिस्टल हिऱ्याचा थरही लावून बघितला, त्यात चार्ज घुसतो तसा पटकन निघूनही जातो.

चिकटण्यावर मात करता येते याचा पुरावा खरं तर सगळ्यांसमोर होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांची १९८७ ची सूक्ष्म आरशांची चिप, प्रोजेक्टरमध्ये असते ती. त्यातले लाखो आरसे कलतात आणि कललेल्या जागी टेकतात, आणि सुरुवातीला तेही चिकटायचे. त्यांनी आरशांच्या टेकणाऱ्या टोकांना छोट्या स्प्रिंग दिल्या आणि आत चिकटू न देणारा एक पातळ थर बसवला. पण आरशातून करंट जात नाही. स्विचच्या कॉन्टॅक्टवर तसा थर लावला तर तो स्विच कसला.

अण्णांच्या पॉइंटवरचं टेंगूळ आणि खड्डा आठवतोय? करंट चालू असताना पॉइंट सुटायला लागले की टेकलेली जागा कमी कमी होत जाते, तिथे व्होल्टेज वाढतं, धातू वितळतो आणि त्याचा बारीक तंतू ताणला जाऊन तुटतो, एका बाजूला जास्त राहतो. मेम्समध्येही हेच होतं. म्हणून करंट चालू असताना उघडझाप करणं आणि करंट बंद करून उघडझाप करणं यांत आयुष्याचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. टेस्टिंग मशिनमध्ये सॉफ्टवेअर आधी सिग्नल बंद करतं, मग स्विच हलवतं. पॉवरच्या कामात शेजारी एक ट्रान्झिस्टर जोडतात जो उघडायच्या क्षणी करंट आपल्या अंगावर घेतो. २०१६ मध्येच जनरल इलेक्ट्रिक (जीई) या कंपनीतून बाहेर पडलेली मेन्लो मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी फळीसाठी स्वतःचा खास मिश्रधातू वापरते, कारण सोनं सतत वाकवून ठेवलं तर हळूहळू ढिलं पडतं, आणि असे बरेच कॉन्टॅक्ट एकत्र लावून अँपिअरच्या हिशोबातला करंट नेते.

एवढं सगळं करून टिकतो किती? अॅनालॉग डिव्हायसेसचा पहिला स्विच शंभर कोटी वेळांचा. घरातलं बटण रोज २० वेळा लावलं-काढलं तर शंभर कोटी व्हायला एक लाख ३७ हजार वर्षं लागतील. लॅबमध्ये सेकंदाला हजार वेळा हलवला की साडेअकरा दिवसांत होतं. रॅडंट मेम्स नावाच्या कंपनीचे काही स्विच एक लाख कोटीपर्यंत गेलेत, तेवढं हजारच्या वेगाने मोजायला ३१ वर्षं लागली असती म्हणून वेग बराच वाढवावा लागतो. याच कंपनीने सुमारे २५,००० स्विच असलेला एक रडार अँटेना बनवला होता, आणि तिथे सरासरी आयुष्याला काही अर्थ नाही. हजारात एक जरी लवकर मेला तरी २५ मेलेले, आणि ते नेमके कुठले ते शोधत बसा. म्हणून या धंद्यातले लोक सर्वात जास्त टिकलेल्या स्विचचं कौतुक करत नाहीत, सगळ्यात आधी कुठला गेला आणि का ते कापून मायक्रोस्कोपखाली बघतात.

आणि शंभर कोटी हा आकडा वाचून कोणी हुरळून जात असेल तर डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला माहितीचा कागद, थोडी खाली सरकवा. हा आकडा करंट बंद करून हलवल्याचा असतो, चालू करंटवरचा वेगळा दिलेला असतो आणि तो बराच छोटा असतो. त्याच्याच आसपास आणखी एक ओळ असते जी बहुतेक जण सोडून देतात: स्विच सतत लावून ठेवला तर किती वर्षं. तिथे एकदाच लावायचा असतो आणि तसाच ठेवायचा, एकदाही हलवायचा नाही. उन्हातल्या टॉवरवरच्या पेटीत तो स्विच महिनोन्‌महिने तसाच लागलेला, सोनं गरमीत हळूहळू दबतंय, शिखरं एकमेकांत रुततायत, आणि मग एक दिवस कोणीतरी त्याला सोड म्हणतं.